दिवाण आधी उलटा करा: पन्नास-साठच्या दशकातला सागवानी दिवाण घेताना आणि दुरुस्त करताना

कोल्हापुरात नागाळा पार्कातला एक बंगला पाडायला काढला होता. मालकांनी ओसरीत सगळं सामान मांडून ठेवलं होतं आणि त्यात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांखाली एक बारीक पायांचा, बसका दिवाण होता. मी आपला पुढं होऊन वरून हात फिरवत होतो, चकाकी बघत होतो. सोबत आलेले सुतारमामा माझ्याकडं बघून हसले. "साहेब, वरनं सगळंच झ्याक दिसतंय. पालथा घाला की त्याला." दोघांनी धरून पालथा घातला आणि पुढचा अर्धा तास मी त्या दिवाणाच्या पोटाकडंच बघत बसलो. तेव्हापासून कुठलाही जुना दिवाण मी आधी उलटा करतो, मग किंमत विचारतो. या लेखातलं बाकी सगळं त्याच्याच अवतीभवती आहे.

कोणता दिवाण

दिवाण म्हटलं की आपल्याकडं पेटीचा दिवाण डोळ्यांसमोर येतो, आत रजया आणि वर लोड-तक्के. इथं तो अपेक्षित नाही. हा खालून मोकळा असतो. पाय निमुळते आणि बऱ्याचदा किंचित बाहेर कललेले. लांब बाजूच्या दोन पट्ट्या, खाटेच्या भाषेत गाती, पातळ पण उभ्या रुंदीच्या. पाठ असलीच तर पट्ट्यांची किंवा वेताची. वर एकच सपाट गादी. सकाळी त्यावर पाहुणे बसणार, दुपारी घरातलं माणूस आडवं होणार.

ही घडण जगभरात थोड्याफार फरकाने एकाच काळात रुजली. जर्मन वास्तुविशारद मीस व्हान डेर रोह यांचा चामड्याच्या गादीचा दिवाण १९३० चा. अमेरिकेत जॉर्ज नेल्सन यांचा पट्ट्यांचा बाक १९४६ चा. डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांनी १९५४ मध्ये गेटामा कंपनीसाठी केलेल्या दिवाणाची पाठ वर उचलता येते आणि मग झोपायला पुरेशी रुंदी मिळते. आपल्याकडं १९५० च्या दशकात चंदीगड उभं राहिलं, तेव्हा शहराचा आराखडा करणारे ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिअर जानरे यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी आणि घरांसाठी सागवान आणि वेताचं साधं, दणकट फर्निचर आखलं. आज परदेशी लिलावांत ते बोलीला येतं.

कोल्हापुरात जे सापडतं ते बहुतेक यातलं काहीच नसतं, आणि हे आधीच मान्य केलेलं बरं. पन्नास-साठच्या दशकात ताराबाई पार्क, राजारामपुरी, रुईकर कॉलनी इकडं डॉक्टर-वकिलांचे बंगले झाले, जिल्ह्यात साखर कारखाने आणि त्यांची गेस्टहाऊसं झाली. कुणीतरी मासिकातलं चित्र दाखवलं आणि गावातल्या मिस्त्रीनं ते आपल्या हिशेबानं सागवानात उतरवलं. अशा दिवाणावर सही नसते, शिक्का नसतो. पण लाकूड पुष्कळदा असं मिळतं की आज त्या जाडीचं आणि त्या गाभ्याचं घ्यायला गेलात तर घाम फुटेल. मला विचाराल तर कोल्हापूरच्या संग्राहकानं हेच गोळा करावं आणि त्याला कोल्हापूरचंच म्हणावं. 'डॅनिश' अशी चिठ्ठी लावून विकणाऱ्याला एवढंच विचारा की कारखान्याचा छाप कुठं आहे.

चंदीगडच्या नावानं तर फारच फसवाफसवी चालते. तिथल्या खऱ्या सामानावर खात्याची अक्षरं आणि नंबर रंगवलेले असत. म्हणून नकली मालावरही ती रंगवतात. रंगवायला ब्रश आणि पाच मिनिटं लागतात. शिवाय २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारसा फर्निचरच्या विक्रीवर आणि निर्यातीवर निर्बंध आणले, त्यामुळं कागदपत्रांशिवाय असा माल घेणं म्हणजे पैसे घालून डोकेदुखी विकत घेणं. 'हा जयप्रभा स्टुडिओतला', म्हणजे कोल्हापूरच्या जुन्या सिनेमा स्टुडिओतला, ही गोष्टही मी तीन वेगवेगळ्या दिवाणांबद्दल ऐकलीय. गोष्ट ऐकायची, चहा प्यायचा आणि पैसे फक्त लाकडाचे मोजायचे.

शोधायचा कुठं

दुकानात पोचेपर्यंत त्याला नवं पॉलिश चढलेलं असतं, म्हणून त्याआधी गाठायला हवा. जुने बंगले पाडणारे ठेकेदार, घर रिकामं करून पुण्या-मुंबईला मुलांकडं निघालेली मंडळी, आणि कचेऱ्या, संस्था, कारखान्यांमधले निर्लेखित, म्हणजे वापरातून काढलेल्या, साहित्याचे लिलाव. शेवटच्या ठिकाणी माल बहुधा एकगठ्ठा घ्यावा लागतो. एका दिवाणासाठी सोळा मोडक्या खुर्च्या घरी आणल्या होत्या मी; त्यावर घरी जे ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही.

जाताना पिशवीत टॉर्च, दाढीचा छोटा आरसा, मोजपट्टी, टाचणी, थोडा कापूस आणि बाटलीभर पॉलिशचं स्पिरिट ठेवा. व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे जाडी आणि व्यास बारकाईनं मोजायचं साधन, मिळाला तर फारच छान. उद्यमनगरच्या, म्हणजे यंत्रकामाच्या कारखान्यांच्या, गावात तो मागून आणणं काही अवघड नाही.

पालथा घातल्यावर

सगळ्यात आधी रंग बघा. सत्तर वर्षं गादीखाली राहिलेलं लाकूड आणि उजेडात राहिलेलं लाकूड एका रंगाचं असूच शकत नाही. गादीची कड जिथं टेकत होती तिथं एक सावली दिसते, पट्ट्यांच्या खालच्या अंगाला वेगळा मळकट तपकिरी रंग असतो. आतून-बाहेरून, वरून-खालून सगळीकडं एकसारखा चॉकलेटी रंग असेल, तर तो रंग डब्यातून आलाय.

मग टॉर्च आडवा धरा, उजेड लाकडाला घासून जाऊ दे. हातरंध्यानं काढलेल्या पृष्ठभागावर फार हलक्या, रुंद, असमान लाटा दिसतात. यंत्राच्या रंध्याच्या लाटा बारीक आणि घड्याळासारख्या समान अंतरावर. खालच्या अंगाला गोल करवतीच्या कमानदार रेघा दिसल्या तरी घाबरू नका, तेव्हाही सॉ-मिल होत्याच. पण दर्शनी भाग यंत्राचा आणि खाली मुद्दाम 'जुनं' दिसावं म्हणून केलेले ओरखडे, असं असेल तर निघा.

स्क्रू बघा. एका रेघेची खाच असलेले जुने स्क्रू, आणि त्यांच्याभोवती लाकडात उतरलेली काळी गंजाची वलयं. सागवानातली आम्लद्रव्यं आणि लोखंड वर्षानुवर्षं एकत्र राहिली की ही वलयं येतात, ब्रशनं काढता येत नाहीत. फुलीच्या खाचेचे चकचकीत स्क्रू म्हणजे नंतरची दुरुस्ती. ती असणं हा गुन्हा नाही, लपवणं हा आहे. सांध्यातून पांढरट, प्लास्टिकसारखा चिकटा डोकावत असेल तर तो फेविकॉलच्या जातीचा. फेविकॉल बाजारात आला १९५९ ला. 'राजाराम महाराजांच्या काळातला' असं सांगून विकलेल्या दिवाणात तो निघाला, तर निदान त्या सांध्याची गोष्ट तरी वेगळी आहे.

आता माझी आवडती परीक्षा. पाय कातलेले गोल असतील तर एकाच उंचीवर व्हर्निअर लावून दोन दिशांनी व्यास मोजा. लाकूड वर्षवलयांच्या कडेनं जास्त आटतं आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेनं कमी. म्हणून लेथवर अगदी गोल कातलेला पाय दशकांनंतर बारीकसा लंबगोल होतो. चाळीस मिलिमीटरच्या पायात काही दशांश मिलिमीटरचा फरक मिळाला की मला बरं वाटतं. चारही पाय दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखे निघाले तर शंका घ्या. एवढ्यावरून निकाल मात्र देऊ नका. चांगलं वाळलेलं लाकूड कमी आटतं.

लाकूड कोणतं

सागवान ओळखायला नाक पुरतं. पायाच्या तळाशी, जिथं पॉलिश नाही, तिथं पॉलिश पेपरचा एकच हात मारा आणि वास घ्या. जुन्या चामड्यासारखा, किंचित तेलकट वास येतो. चपलांच्या गावातल्या माणसाला हा वास वेगळा शिकवावा लागत नाही. हाताला मेणचट लागतं, वलयांच्या रेषा स्पष्ट दिसतात. शिसव जड, जांभळट काळपट रेघांची. बाकी या भागात ऐन, किंजळ, फणस, आंबा हेही फर्निचरला वापरले गेले आणि गडद रंगाखाली सगळे सागवान म्हणून खपतात. फणस मूळचा पिवळा असतो आणि वयानं छान तपकिरी होतो. त्याला मी कमी लेखत नाही, फक्त सागाच्या भावानं घेत नाही.

वजनानंही कळतं. साधारण सव्वासहा फूट लांब, अडीच फूट रुंद, पाठ नसलेला, बारा आडव्या पट्ट्यांचा दिवाण धरा. गाती आणि आडव्या बाजू चार इंच बाय दीड इंच, पाय दोन इंची. सगळे घनइंच मोजून १७२८ नं भागले की लाकूड भरतं सव्वा घनफुटाच्या आसपास. सागवानाची घनता घनमीटरला सुमारे ६५० किलो, म्हणजे सांगाडा बावीस-तेवीस किलोचा. शिसवीचा असेल तर अठ्ठावीसच्या पुढं. एका हातानं सहज उचलला गेला तर आत कुठंतरी पोकळ किंवा हलकं लाकूड आहे.

हाच सव्वा घनफूट भाव करतानाही कामाला येतो. टिंबर मार्केटमध्ये चांगल्या जुन्या सागाचा त्या आठवड्याचा घनफुटाचा भाव विचारा, त्यानं गुणा, वर मिस्त्रीची चार-पाच दिवसांची मजुरी धरा. याच्या खाली मिळाला तर डोळे झाकून घ्या. याच्या वर जे मागतात ते घडणीचे आणि वयाचे पैसे; ते द्यायचे की नाही हे आपल्या हौसेवर.

पूर, वाळवी आणि भुसा

कोल्हापुरात एक जादा तपासणी लागते, जी पुण्याच्या संग्राहकाला लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात किती आत आलं हे आपण पाहिलंय. शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा, नागाळा पार्कचा सखल भाग. त्या घरांतलं फर्निचर पुढं बाजारात आलंच. चारही पायांवर जमिनीपासून एकाच उंचीवर पुसट आडवी रेघ दिसते का बघा. सांध्याच्या आतल्या कोपऱ्यात टाचणी फिरवा. टोकाला राखाडी बारीक गाळ लागला तर उत्तर मिळालं. भरीव सागवान पुरातूनही वाचतं, फक्त सांधे सुटतात. विनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा प्लायवूडचा तळ असेल तर तो फुगून पापुद्रे सुटलेले असतात. पूर पाहिलेला भरीव दिवाण मी नाकारत नाही, भाव मात्र पाडून घेतो.

सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, पण कडेचं पांढुरकं लाकूड ती आणि घूण दोघंही खातात. तेव्हाचे मिस्त्रीही काटकसर करत आणि हा पांढुरका भाग आतल्या बाजूला, नजरेआड बसवत. टाचणी खुपसून बघा. बारीक भोकं दिसली तर त्यांच्या कडा बघा: काळपट, मळलेली कड म्हणजे जुनी गोष्ट, फिकट, ताजी कड आणि खाली मैद्यासारखा भुसा म्हणजे घूण अजून घरात आहे. म्हणून विकत घेतलेला दिवाण थेट दिवाणखान्यात नेऊ नका. गॅरेजमध्ये किंवा व्हरांड्यात काळ्या कागदावर दोन-तीन आठवडे ठेवा. कागदावर पांढरी भुकटी पडली तर भोकाभोकात सिरिंजनं घुणनाशक सोडा, हातमोजे घालून, आणि मग पुन्हा तेवढेच दिवस थांबा. पॉलिशवरून फासलेलं औषध आत जात नाही.

सांधे

सांगाडा जमिनीवर ठेवून एक कोपरा उचला. समोरचा कोपरा लगेच सोबत उठला तर सांधे धरून आहेत. आधी लचकला आणि मग उठला तर कुसू, म्हणजे खाचेत बसवलेलं लाकडाचं टोक, खाचेत हलतंय. नंतर कर्ण मोजा, दोन्ही सारखे हवेत.

जुन्या कामात सरस असतो, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला. त्याची मोठी खुबी अशी की तो परत सोडवता येतो. ढिल्या सांध्यात सिरिंजनं थोडं स्पिरिट सोडलं की सरस ठिसूळ होतो आणि मोगरीच्या हलक्या ठोक्यानं सांधा मोकळा होतो. मात्र स्पिरिट पॉलिशवर सांडू देऊ नका, डाग पडतो. फेविकॉलनं चिकटवलेला सांधा गरम पाण्यानं आणि उबेनं थोडा नरम पडतो, पण झगडावं लागतं. जुना चिकटा पटाशीनं खरवडून पूर्ण काढा. त्याच्यावर नवा धरत नाही. सागवान तेलकट असल्यामुळं चिकटवण्याआधी कुसवावर स्पिरिटचं फडकं फिरवा. लांब क्लॅम्प नसेल तर जुनी युक्ती: सांगाड्याभोवती दोरी दुहेरी गुंडाळायची आणि मध्ये काठी घालून पीळ द्यायचा, कोपऱ्यांवर गोणपाटाचे तुकडे ठेवून. पीळ देताना कर्ण पुन्हा मोजा, एकदा वाळला की वाकडाच राहतो. ढिल्या सांध्यात खिळा मारून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवा.

पॉलिश, म्हणजे जिथं सगळे चुकतात

मीही चुकलो. माझा पहिला दिवाण मी एका दुकानात दिला आणि 'चांगला करून द्या' म्हणालो. त्यांनी मशिननं घासून वर मेलामाईनचं चकचकीत पॉलिश मारलं. आठ दिवसांनी आणायला गेलो तर तो गोरापान, लग्नाच्या हॉलमधल्या सोफ्यासारखा झाला होता. सत्तर वर्षांत उजेडानं आणि हातांच्या स्पर्शानं आलेला रंग मिलिमीटरच्याही अंशाइतका खोल असतो. एका दुपारीत तो भुसा होऊन गेला. चूक त्यांची नव्हती म्हणा. मी सांगितलंच तसं होतं.

म्हणून आधी आहे ते कोणतं पॉलिश आहे हे ओळखा. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा कापूस अर्धा मिनिट दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला आणि कापूस तपकिरी झाला तर ते लाखेचं, म्हणजे आपलं फ्रेंच पॉलिश. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), बहुधा नंतर कुणीतरी चढवलेलं. काहीच थर नसेल, तर तेल-मेण.

लाखेचं निघालं तर नशीबवान आहात, कारण लाख लाखेत विरघळते आणि जुन्या थराला नवा थर जीव देतो. ओल्या पिळलेल्या फडक्यानं, सौम्य साबणानं मळ काढा, लगेच कोरडं करा. मग टर्पेंटाइन आणि अगदी बारीक स्टील वूल, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, जोर न लावता. जुनं मेण आणि तेलकटपणा यानं सुटतो. बहुतेक वेळा इथंच थांबता येतं. थर खरोखर विरला असेल तरच नवी लाख: लिटरभर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅम चपडा (लाखेचे पापुद्रे), काचेच्या बरणीत रात्रभर. लोखंडी डबा नको, लाख काळवंडते. मलमलीत कापसाची गोळी बांधून पातळ हात द्या, थांबा, पुन्हा द्या. सहा-सात पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही बरे.

हे काम आषाढ-श्रावणात काढू नका. हवेतली ओल लाखेत अडकते आणि पॉलिश दुधाळ होतं. आपल्याकडचा पाऊस बघता दिवाळी झाल्यावर सुरू करून होळीच्या आत संपवलेलं उत्तम.

तेल लावणार असाल तर जवसाचं चालतं, मात्र एक गोष्ट कधी विसरू नका. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर वाळताना ती आपोआप तापतात आणि पेटू शकतात. काम झाल्याबरोबर बाहेर दोरीवर एकेक करून पसरा किंवा पाण्यात बुडवा.

बैठक

जुनी गादी निघाली तर फेकण्याआधी चिरून बघा. रबरी फोम असेल तर तो बिस्किटासारखा चुरा होतो, ठेवण्यात अर्थ नाही. पण खोळीचा हातभर तुकडा, टिपेसकट, जपून ठेवा. मूळ रंग आणि विणीचा तो एकमेव पुरावा. नवी गादी चार इंचांपेक्षा जाड करू नका. सहा इंची गुबगुबीत गादी घातली की या दिवाणाची सगळी आखणी बिघडते, बारीक पायांवर म्हैस बसल्यासारखी दिसते. चाळीस डेन्सिटीचा फोम पुरतो. पट्ट्यांमधलं अंतर तीन इंचांहून जास्त असेल तर खाली जाड कापड ताणून घ्या. खोळीला इचलकरंजीचं जाड सुती कापड आणि कडेला बारीक पायपिंग, बस्स. पाठ वेताची असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा मागच्या बाजूनं ओलसर फडकं फिरवा. सुकलेला वेत तुटतो, आणि सैल पडलेला ओला होऊन वाळला की पुन्हा ताणतो.

परदेशी पाठवायचा विचार असेल तर दोन गोष्टी. आपल्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हे दिवाण त्यात बसत नाहीत. पण शिसवीचा असेल तर २०१७ पासून त्या लाकडाच्या सगळ्या जातभाईंवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम आहेत, कागद लागतात. सागाला ते लागू नाहीत.

शेवटी एक पाकीट

काम संपलं की दिवाण पुन्हा एकदा पालथा घाला. एका कागदावर पेन्सिलीनं लिहा: कुठल्या घरातून आला, कोणत्या साली घेतला, कोणता सांधा उघडला, कोणती पट्टी नवी घातली, पॉलिश कशाचं. सोबत जुन्या खोळीचा तुकडा. पाकिटात घालून आतल्या आडव्या पट्टीला दोन टाचण्यांनी लावा. नागाळा पार्कातल्या त्या दिवाणाच्या पोटाला मी तसंच पाकीट लावलंय. त्यात पहिलीच ओळ आहे: 'मागचा डावा पाय पुरात भिजलेला, सांधा नवा, लाकूड मूळचं.'